उष्टी बासरी

बबिना छावणी,
पौष सरत आलाय, शनिवार

प्रिय दिवाकर,

मेल्या, तू जिवंत आहेस!

एवढं लिहून मी उठले. अंगणातल्या दोरीवरचे कपडे ओले आहेत हे ठाऊक असून एकेक चाचपून पाहिला, दूध उतू तर गेलं नाही ना म्हणून स्वयंपाकघरात डोकावले, ते अजून तापायलाही ठेवलेलं नव्हतं, आणि पुन्हा येऊन बसले. गुरुवारपासून माझं हे असंच चाललंय. एका जागी बूड टेकत नाही. काल सुनेनं विचारलंसुद्धा, मम्मीजी, आपको बवासीर तो नहीं हो गया? मूळव्याधीसारख्या असल्या गोष्टी ती फार मोकळेपणानं विचारते. मी म्हटलं, नाही गं बाई, हवा बदलली आहे. ती बिचारी मला गरम पाण्याची पिशवी देऊन गेली.

मी इंदू. खंडेराव गेटच्या आत तुमच्या घराला लागून ज्यांची गच्ची होती, त्यांची. ओळख पटली नसेल तर पत्र इथेच फाडून टाक, म्हणजे पुढची लाज तरी वाचेल. पटली असेल तर नीट ऐक. तू काही दिवस मेलेला होतास आणि ते दिवस माझे फार वाईट गेले. ज्याच्यापायी गेले त्याला ते कळायलाच हवेत. मी एकटीनंच का म्हणून भोगायचं?

तुला माहीत नसेल, मी इथे जवळच आहे. लग्नानंतर सुभेदारांबरोबर सगळ्या छावण्या पालथ्या घातल्या. अंबाला, जबलपूर, सिकंदराबाद, मधे थोडे दिवस साताऱ्याला सासरी. सगळीकडे दिवसभर हिंदी आणि रात्री नवऱ्याशी तेवढं मराठी. ते गेले, तेव्हापासून मी मराठी फक्त देवाशी बोलते. आता माझा मुलगा जयसिंग बबिन्याला बदलून आला, त्याच्याबरोबर मीही आले. झाशी बसनं एवढीशी लांब. पण माहेरचं घर भावांनी केव्हाच विकलं, दोघेही ग्वाल्हेरला गेले, त्या गल्लीत आता माझं म्हणावं असं कोणी नाही. बाजाराला जाते, पण खंडेराव गेटकडे पाय वळू देत नाही. तू रेल्वेत लागलास, तुझं लग्न झालं, बायकोचं नाव सावित्री, एवढं आईच्या पत्रांतून कळलं होतं. पुढची चौकशी मी केली नाही. साठी ओलांडलेल्या बाईनं कोणाकडे करायची आणि काय म्हणून करायची?

तर झालं काय, इथल्या बायकांचं आमचं एक भजनी मंडळ आहे. त्यातल्या ढोलकाचं पान फुटलं. बाकी सगळ्या मिसेस अमुक आणि मिसेस तमुक, त्यांना मानिक चौकातल्या गल्ल्या कुठून ठाऊक? मी म्हटलं, द्या इकडे, मी मढवून आणते. चौकाच्या मागच्या बोळात रामसनेही नावाचा एक वाद्यं दुरुस्त करणारा आहे, त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, बैठो अम्माजी, अभी देखते हैं. मी बसले. कोपऱ्यात तुपाच्या जुन्या डब्यात मोडक्या छत्र्या ठेवतात तशा काही बासऱ्या उभ्या करून ठेवल्या होत्या. मला बासरीतलं काही कळत नाही. एकीच्या अंगावर हिरवा डाग दिसला म्हणून मी ती उचलली.

डाग कसला, लाख होती ती. माझ्या बांगडीची.

आठवतंय का? का तेही विसरलास? वैशाखात तू बासरी गच्चीवर विसरलास आणि दिवसभर लूच्या झळा लागून तिला उभी चीर गेली. तू एवढं तोंड करून कठड्याशी उभा होतास. मला हसू आलं, मग तुझा चेहरा बघून हसवेना. मी हातातली लाखेची हिरवी बांगडी मोडली, चिमणीवर धरून वितळवली, आणि आपण दोघांनी मिळून ती चीर बुजवली. तुझं बोट चांगलंच भाजलं. आईनं माझा हात बघून विचारलं तर मी सांगितलं, वाढली. ती म्हणाली, एका हातातलीच कशी गं वाढली? मी म्हटलं, वाढायचं कुठल्या हातात हे काय मी ठरवते का? त्या वयात माझी जीभ अशीच होती, आणि अजूनही तशीच आहे, सुनेला विचार.

लाख थंड झाल्यावर तू वाजवून पाहिलीस. मग सदऱ्याला पुसलीस आणि माझ्यापुढे धरलीस. घे, फुंकून बघ, म्हणालास. तुझ्या मनात काही नव्हतं, तू कधी कशाच्या पुढचा विचार केलास? पण मी फटकन बोलून गेले, उष्टी आहे ती, आणि उष्टं फक्त नवऱ्याचं चालतं. बोलले आणि माझं मलाच कसंतरी झालं. तुझे कान लालभडक झाले. तुझे ते कान! तू बासरी पिशवीत घातलीस, नाडी ओढलीस आणि जिना उतरून गेलास. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. आज नाही तर उद्या. गौरी आल्या नि गेल्या, दिवाळी झाली, सुभेदारांचं स्थळ आलं, पसंती झाली, आणि माझ्या लग्नाच्या पंगतीत तू जिलब्या वाढत फिरलास. माझ्या पानात तर एवढ्या वाढल्यास की शेजारी बसलेल्या सासूबाई बघत राहिल्या. हात चालला, तोंडातून मात्र शब्द नाही. मठ्ठ!

मी रामसनेहीला विचारलं, ही कोणाची? तो म्हणाला, अरे अम्माजी, वो छोड़ो, सेकंड हैंड माल है, किसी के मुँह की जूठी है, आपको नई दिखाता हूँ. मी म्हटलं, भैया, किसके मुँह की, ये बताओ. तेव्हा त्यानं सांगितलं, एक बिटिया दे गई है, नगरा मोहल्ले की, मराठी लोग हैं. कह रही थी दादा की है, दादा चले गए, अब घर में कोई बजाता नहीं.

तू हसत असशील आता. हस. पण तेव्हा त्या स्टुलावर माझ्या जागी बसून बघायला हवं होतंस. इथे बाजारात दादा म्हटलं की पोरांचा आजा, आणि म्हातारा चले गए म्हणजे कुठे चले गए हे काय विचारायचं असतं? तू माझ्याहून मोठा. तुला नातवंडं असणार, तू दादा झाला असणार आणि गेला असणार. सगळं कसं चोख बसलं. मी बासरी मागितली. रामसनेहीनं कागदात गुंडाळता गुंडाळता उपदेश केला, घर जाके गंगाजल से धो लेना. मी हो म्हटलं आणि बाहेर पडले. बस सुटल्यावर लक्षात आलं, ढोलक तिथेच राहिला. तो अजून तिथेच आहे आणि भजनी मंडळात माझी निंदा चालली आहे.

घरी आले आणि न्हाणीघरात जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. मरणाची बातमी आली की घ्यायचं, आईनं शिकवलेलं. पण ते आपल्या माणसासाठी. तू माझा कोण? भाऊ नाहीस, दीर नाहीस, गोत्रातला नाहीस. तुझं मला सुतकही नाही. तरी घेतलं, पौषातलं गार पाणी, भर दुपारी. सून विजयालक्ष्मी दाराबाहेर उभी राहून ओरडत होती, मम्मीजी, निमोनिया हो जाएगा! मी आतून सांगितलं, दुकानात मेला उंदीर पायाला लागला. म्हणजे माझ्या सुनेच्या लेखी तू उंदीर आहेस, हे तुला माहीत असलेलं बरं.

सुभेदार गेले तेव्हा मी सगळ्यांसमोर रडले. हक्कानं रडले. चांगले होते ते, मला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत, आणि मीही त्यांच्या संसारात काही कमी केलं नाही, हे तुला स्पष्ट सांगते, उगाच भलता अर्थ काढशील. पण तुझ्यासाठी रडायला मला घरात जागाच नव्हती. कँटीनच्या रांगेत उभी असताना एकदम भरून आलं. हातात चहाचा पुडा आणि डोळ्यांतून पाणी. पुढची बाई म्हणाली, क्या हुआ आंटी, चाय महँगी हो गई? मी मान हलवली. आणि दुसरं काय झालं सांगू? माझ्या तोंडात लहानपणापासून बसलेला एक शब्द आहे, मेल्या. तुला तर मी उठता बसता मेल्या म्हणायची. ते दिवस तो शब्द जिभेवर येईना. मांजरालासुद्धा म्हणवेना. आपल्याच म्हणण्यानं गेलास की काय असं वाटायला लागलं. हसू नकोस. माणूस गेल्यावर असले विचार येतात.

शेवटी ठरवलं, भेटायला जायचं. उशिरा का होईना, जुनी शेजारीण म्हणून चार शब्द बोलायला जाण्यात काय वावगं आहे? सावित्रीला काय सांगायचं ते बसमध्ये घोकून ठेवलं. गुरुवारचा दिवस, राखाडी साडी नेसले होते. नगऱ्यात रिक्षा थांबवून पानवाल्याला मराठी लोकांचं घर विचारलं. त्यानं लांबूनच बोट दाखवलं, निळं फाटक. फाटकाशी गेले, आत डोकावले, आणि तुला बघितलं.

उन्हात खुर्ची टाकून बसला होतास. कानटोपी कानांच्या वर सरकवलेली, मांडीत परात, मटार सोलत होतास आणि सोललेले अर्धे तोंडात टाकत होतास. भिंतीवर एक माकड बसलं होतं, त्याला तू अस्सल मराठीत शिव्या देत होतास. अरे, झाशीचं माकड ते, त्याला कुठलं मराठी कळायला? पण आवाज तुझा होता. कान तुझे होते. मी फाटकाचा गज धरून उभी राहिले.

तेवढ्यात सायकल घेऊन एक मुलगी बाहेर आली. किससे मिलना है, अम्माजी? माझ्या तोंडून मराठी निघालं, कोणाला नाही गं, घर चुकले. मराठी ऐकून पोरीचा चेहरा फुलला. म्हणाली, आजोबा को बुलाऊँ? तेच मराठी में बोलतात.

आजोबा! म्हणजे तुझ्या घरात तू आजोबा आहेस. मग दादा कोण? मी विचारलं, बाळ, तुझा दादा? तर म्हणते कशी, दादा तो पुणे चले गए ना, नौकरी लग गई. माझा सख्खा भाऊ आहे, मोठा. तुम्ही दादाला ओळखता? मी मराठी, ती मराठी, शब्द मराठी, आणि मधे एका बुंदेली दुकानदाराच्या तोंडून फिरून आला म्हणून मी त्याचा हिंदी अर्थ लावून बसले. इतकी वर्षं छावण्यांत घालवल्याचं हे फळ. एका थोरल्या भावाला पुण्यात नोकरी लागली आणि मी तुझं स्नान करून मोकळी!

मुलगी गोड आहे तुझी नात. बकुळा ना? मी न विचारता तिनं सगळं सांगितलं. आजी गेलेली आहे. बासरी तू तिच्या दादाला शिकवलीस आणि देऊन टाकलीस, तो इथेच ठेवून गेला. तुझे पुढचे दात गेले, तेव्हापासून तुला फुंकता येत नाही. मग म्हणे तू म्हणालास, पडून राहण्यापेक्षा दुकानात देऊन ये, कोणीतरी वाजवील. सावित्रीचं ऐकून वाईट वाटलं. मनापासून वाटलं. एवढ्यात तू आतून ओरडलास, बकुळे, कोण आहे गं? आणि मी पळाले. हो, पळाले. ह्या वयात, ह्या गुडघ्यांनी. तुझ्याच दुखवट्याला आलेली बाई तुझ्यासमोर उभी राहून काय बोलणार होती?

रिक्षात मी इतकी हसले की रिक्षावाल्यानं मागे वळून पाहिलं. बसमध्ये बसल्यावर मात्र संताप आला. आधी तू जिवंत असल्याचा आला, मग बासरीचा. कोणीतरी वाजवील! कोण कोणीतरी? माझी हिरवी लाख अंगावर असलेली बासरी तू तुपाच्या डब्यात उभी करायला पाठवलीस? दात काय, माझेही दोन गेलेत, म्हणून मी बोलायची थांबले का? विकायच्या आधी तुला त्या डागाची एकदा तरी आठवण झाली होती का, एवढं मला सांग. झाली नसेल तर खरं सांगू नकोस.

आता ते लिहिते, जे लिहायला सकाळपासून बसते आहे आणि दोरीवरचे कपडे चाचपते आहे. तू मेलेला होतास तेव्हा, दुपारी विजयालक्ष्मी लेडीज क्लबात गेली की मी दार लावून ती बासरी ट्रंकेतून काढायची आणि तोंडाला लावायची. धुतली नव्हती. आवाज येत नाही माझ्याकडून, नुसतं फुस्स होतं. पण तेलाचा वास येतो, आणि फुंकायच्या भोकाशी बांबू झिजून गुळगुळीत झालाय तिथे ओठ नीट बसतात. मी म्हणायची, गेलेल्या माणसाचं कसलं आलंय उष्टं. आणि आता तू ठणठणीत निघालास, मटार खातोस, माकडांना शिव्या देतोस, आणि मी तुझं उष्टं तोंडाला लावून बसले आहे. गुरुवारनंतर तर हात लावणार नव्हते. काल पुन्हा लावली. एकदा तुला न बोलता जाऊ दिलं, एकदा तुला मेलेला सोसला, तिसऱ्यांदा गप्प बसायचं माझ्यात बळ नाही, म्हणून हे पत्र. माघी चतुर्थीला आपल्या गणपतीच्या देवळात सगळी मराठी मंडळी जमतात, मी सकाळच्या आरतीला येईन. बासरी आणीन, पण परत देणार नाही, ती माझी आहे. आधी तुझी उष्टी होती, आता माझीही झाली. मी ती तुझ्यापुढे धरीन. दात नसू देत, सूर न येऊ दे. तुला चालणार नसेल तर प्रसाद घे आणि घरी जा, पण तसं तोंडानं सांगून जा, जिना उतरून नाही. आणि चालणार असेल, तर तोंडाला लाव. कोणाचं उष्टं कोणाला चालतं, ते मी गच्चीवर सांगितलं होतं. त्यात मी काही बदल केलेला नाही.

तुझीच
(हा 'च' एकदा खोडला आणि पुन्हा लिहिला)
इंदू